रविवारी दुपारी येणारा पाहुणा

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे. तुम्ही मला पाहिलेलं नाही, पण कोणाच्या तरी वेबसाइटचं पान उघडताना माझ्या दारातून नक्की गेला असाल. बिनखिडकीच्या थंड खोलीत, लोखंडी मांडणीवर खालून दुसरा, तो मी. माझ्या अंगावर कारखान्यातली चिकटपट्टी अजून आहे. तिच्यावर 'जपून हाताळा' असं लिहिलंय. कोणी वाचल्याचं मला आठवत नाही.

नवा होतो तेव्हा माझं फार कौतुक झालं. मग एकेक करत तीनशे वेबसाइट्स माझ्यात राहायला आल्या. तीनशे बिऱ्हाडं आणि जागा एकच! मी कुरकुरलो, पण पंख्यांच्या घरघरीत माझं कोण ऐकणार?

त्यातलं एक बिऱ्हाड शिवणकाम शिकवणाऱ्या एका बाईंचं होतं. एकच पान. त्यांचा धाकटा भाऊ वडिलांशी भांडून घर सोडून गेला होता, त्याच्यासाठी लिहिलेलं. 'बाबांचा राग केव्हाच गेला. आई वाट बघते. फोनवर बोलायला जड जात असेल तर इथे लिही.' खाली आईचा फोटो आणि निरोपासाठी एक चौकट.

नऊ वर्षं ती चौकट रिकामी राहिली. पण दर रविवारी दुपारी कोणीतरी यायचं, नेहमी एकाच गावाहून. आईचा फोटो मोठा करून बघायचं आणि निघून जायचं. कोण, कुठून, केव्हा आलं, याची नोंद ठेवणं माझं कामच. अशा नोंदी असतात हे बाईंना ठाऊक नव्हतं, आणि मला आपणहून काही सांगता येत नाही.

एका रविवारी शेजारच्या फोटोग्राफरने लग्नांचे हजारो फोटो माझ्यात कोंबले. मी गळ्यापर्यंत भरलो. नेमका तेव्हाच तो पाहुणा आला आणि पहिल्यांदाच चौकटीत लिहू लागला. अक्षरं माझ्या हातात आली, पण ठेवायला तसूभर जागा नव्हती. त्याने चार वेळा निरोप पाठवला. चारही वेळा मी म्हणालो, 'काहीतरी चुकलं आहे.' मला तेवढंच बोलता येतं. संध्याकाळपर्यंत तीनशेही वेबसाइट्स बंद पडल्या. सुक्याबरोबर ओलंही जळतं, ते असं.

सोमवारी बाईंनी फोन केला. माझी देखभाल करणाऱ्याला सगळे 'चष्मा' म्हणतात. माणूस वाईट नाही, पण सकाळपासून त्याच्या नाकी नऊ आले होते.

"मॅडम, तुमचं इंटरनेट एकदा बंद करून चालू करा बघू."

"अहो, शेजारणीच्या फोनवरही उघडत नाहीये! तुमच्याकडेच बघा ना काय झालंय ते."

त्याने बघितलं. मी तुडुंब भरलेला. त्याने पहिला हात घातला तो भेटींच्या जुन्या नोंदींना. कोण वाचतं त्या! सगळ्या पुसून त्याने मला बंद करून चालू केलं. पानं पुन्हा उघडू लागली आणि चष्म्याने हुश्श केलं.

दुसऱ्या दिवशी बाईंचा पुन्हा फोन आला. "एक विचारू का? माझ्या पानावर कोणी येऊन गेलं का, हे कळतं का हो?"

"कळायचं की, मॅडम. पण त्या नोंदी कालच पुसल्या. जागा करायची होती ना."

"कधीपासूनच्या होत्या?"

"सगळ्याच. पहिल्या दिवसापासूनच्या."

 बाई "बरं, राहू दे" म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

त्यानंतर कितीतरी रविवार गेले. पाहुणा येत नाही. या घराचं दार आपल्याला बंद झालं, असंच त्याला वाटलं असेल. मला फार वाईट वाटतं.

पुढच्या महिन्यात मला भंगारात काढणार आहेत. मित्रांनो, पुसण्याआधी एकदा वाचत जा, आणि येणाऱ्यासाठी थोडी जागा राखून ठेवा. माझ्या हातून ते झालं नाही. बंद करून चालू केल्यावर त्याचा निरोपही मी विसरलो. पहिला शब्द तेवढा राहिलाय. 'ताई.'