ठाण्यातली ओटी

बाईचं हाड नवरा मोडतो. पण मोडक्या हाडाची बाई पुन्हा त्याच्याच दारात नेऊन घालता ते तुम्ही, मोठ्या खुर्चीतले साहेब. वर तोंड करून त्याला संसार जुळवला म्हणता.

पाटोद्याकडच्या एका ठाण्यात वनमाला शिपाई होती. मागच्याच आठवड्यात ती अन् तिचे साहेब बीडला प्रशिक्षणाला जाऊन आले. घरात मार खाणाऱ्या बाईशी पोलिसानं कसं वागावं, हा विषय. तिला एकटीला विचारा, आधी दवाखान्यात न्या, तडजोडीला बसवू नका. साहेब पहिल्या रांगेत बसून नंदीबैलासारखी मान डोलवत होते.

आज समोर अंजू होती. मेंढरं राखणाऱ्या घरातली सून. नवऱ्यानं, परमेश्वरनं, काठीनं तिचा उजवा हात मोडलेला. वनमालानं तिला आतल्या खोलीत नेऊन विचारलं.

"मला आईकडं जायचंय, ताई. तिकडं गेले तरच जित्ती राहीन," अंजू म्हणाली.

बाहेर आल्या तर गावचे पुढारी मोहनराव साहेबांबरोबर चहा पीत बसलेले. शेजारी परमेश्वर, नवा शर्ट घालून.

"वनमाला, खण-नारळ आणलाय. हिची ओटी भर," साहेब म्हणाले. "लेकीवानी सासरी पाठवू. पेपरवाला फोटोला थांबलाय."

ह्या ठाण्याची रीतच ती. तक्रार घेऊन आलेल्या बाईची ओटी भरायची अन् नवऱ्याच्या गाडीवर मागं बसवायची.

"भांड्याला भांडं लागायचंच," मोहनराव हसले.

"भांडं न्हाई दादा, हाड वाजलंय," वनमाला म्हणाली.

अंजूला एका हातानं पदर पसरता येईना. तसा परमेश्वर उठला अन् पदराचं दुसरं टोक त्यानं धरलं. अंजू भिंतीला चिकटली.

"बघा, लई जीव हाय त्याचा," मोहनराव म्हणाले.

वनमालानं परमेश्वरच्या हातातून पदर ओढून घेतला. "म्या भरणार न्हाई, साहेब. गुन्हा नोंदवा. मी हिला दवाखान्यात नेते."

"प्रशिक्षणातलं प्रशिक्षणात. इथं गाव सांभाळावं लागतं."

"मग आमाला बीडला नेलं कावून? जेवायला?"

साहेबांनी कप खाली ठेवला. "जास्त बोलू नको."

"उद्या ही मेली, तर मढ्याला हात लावायला बाईमाणूस पायजे म्हणून मलाच धाडाल. तवा हिच्या आईला काय सांगू? ते आत्ता सांगा. ऐकल्याबिगर मी हितून हलत न्हाई."