शेंदराची माशी

दुर्बिणीतून नेम धरणाऱ्याला नत्थुजी माणसात मोजत नसत. एक डोळा मिटून काचेत बघायचं, लांबचं जनावर नाकाशी ओढून आणायचं आणि मग गोळी सोडायची, यात कर्तबगारी कोणाची? काच बनवणाऱ्याची! "अशानं तं आमची म्हातारीबी वाघ पाडीन," असं ते गावच्या पारावर बसून सांगत. म्हातारी म्हणजे त्यांची बायको माणिकबाई. वाघाचं माहीत नाही, पण नत्थुजींना ती दिवसातून दोन-तीनदा पाडत असे, आणि तेही नुसत्या तोंडानं.

बार्शीटाकळीकडच्या त्या गावात परवान्याची रायफल एकच, ती नत्थुजींची. बापाच्या काळातली, पीक राखण्यासाठी मिळालेली. दर गोळीला बोल्ट उचलून मागे ओढायचा, पुढे ढकलायचा आणि खाली बसवायचा. नेमासाठी मागे खाच असलेली लोखंडी पत्ती आणि नळीच्या टोकाशी लोखंडाचा एक उभा कोंब. त्या कोंबाला माशी म्हणतात. खाचेत माशी आणि माशीवर जनावर आलं की घोडा दाबायचा, एवढंच त्यातलं शास्त्र. हातच्या काकणाला आरसा कशाला, असं नत्थुजी म्हणायचे.

दर दसऱ्याला विळे-कुऱ्हाडींबरोबर रायफलीचीही पूजा व्हायची. बाकीच्या हत्यारांना हळदकुंकू, पण रायफलीच्या माशीला तेलात कालवलेला शेंदूर, गावच्या मारुतीला लावतात तसा. ही चाल नत्थुजींच्या बापाची. अंधुक उजेडात काळं लोखंड दिसत नाही, लाल टोक दिसतं, असा त्यात त्याचा धोरणीपणा होता. पण बाप जुना शेंदूर चिंधीनं पुसून मग नवा लावायचा. नत्थुजींना देवाचा शेंदूर पुसणं पाप वाटे, म्हणून ते थरावर थर चढवत. शिवाय अलीकडे माशी पहिल्यासारखी दिसेना, तेव्हा बोट जरा सढळ फिरू लागलं होतं. माशी का दिसेना, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. नत्थुजींना कळत होतं, पण वळत नव्हतं.

माणिकबाईनं त्यांना हाताला धरून डोळ्यांच्या शिबिराला नेलं होतं. तिथून जाड भिंगांचा चष्मा आला आणि थेट देवघराच्या कोनाड्यात जाऊन बसला. देवांनी तो लावला असेल तर माहीत नाही. नत्थुजींनी लावला नाही.

रानडुकरांना याचं सुख होतं. वनखात्याची रीतसर परवानगी काढून गाव नत्थुजींना मचाणावर बसवी, नत्थुजी गोळी सोडत, आणि डुकरं दचकून दुसऱ्याच्या वावरात जात. मग पारावर कारणं सुरू. डुकरानं ऐन वेळी मान खाली घातली. वारा आडवा होता. काडतूस सर्दावलं होतं. नाचता येईना अंगण वाकडं, हे त्यांच्या तोंडावर म्हणायला कोणी धजत नसे, कारण ते घर पिढीजात 'बंदूकवाल्यांचं'. पण यंदा डुकरांनी हरभऱ्याच्या ओळीच्या ओळी नांगरून काढल्या आणि सरपंच आरतीताई भर सभेत बोलल्या.

"काकाजी, राग नोका मानू. या महिन्यात एकबी डुक्कर नाही पडलं, तं पुढची परवानगी परतवाड्याच्या विपुलच्या नावानं काढू. त्याच्या बंदुकीले दुर्बीण हाय."

नत्थुजी सभेतून उठून घरी आले आणि जेवले नाहीत. परतवाड्याचा पोरगा गावात येणार, काचेतून बघणार, आणि उद्यापासून लोक बंदूकवाल्यांचं घर कोणतं म्हणून विचारल्यावर परतवाड्याकडे बोट दाखवणार! बापानं कमावलेलं नाव आपल्या हातून जायची वेळ आली, एवढंच त्यांना दिसत होतं, आणि ते मात्र अगदी स्वच्छ दिसत होतं.

त्यांचा मुलगा नितेश अकोल्यात बी-बियाण्यांचं दुकान चालवायचा. परवान्यावर राखणदार म्हणून त्याचंही नाव होतं. हा दुसरा शहाणा. त्यानं बापाची अब्रू वाचवायला दुर्बीण आणायचं ठरवलं आणि बाप-लेक रायफल घेऊन अकोल्याला गयासुद्दीनच्या दुकानात गेले. गयासुद्दीन बंदुका दुरुस्त करी आणि गिऱ्हाइकाचा पाणउतारा फुकटात करी. रायफल हातात घेताच तो हसायला लागला.

"नत्थुभाऊ, ही माशी हाय का मुंजोबा? शेंदूर खरवडून टाका पयले. माशी उंच झाली का नळी खाली झुकते. गोळी चालली जमिनीत!"

"तुमी तुमचं भिंग इका, भाई," नत्थुजी म्हणाले. "आमच्या देवाच्या अंगाले हात नोका लावू."

"इकतोच हाय. पण भिंग बसवल्यावरबी दहा-पाच गोळ्या निशाणावर मारून जुळवून घ्यायचं. नाही तं तेबी तुमच्या माशीसारखंच."

"गोळी काय कागदावर वाया घालवाची चीज हाय?" नत्थुजी म्हणाले. नितेशनंही मान डोलावली. या एका बाबतीत बाप-लेकाचं एकमत होतं आणि दोघंही सारखेच बह्याड, बिनडोक होते. गयासुद्दीननं हात जोडले, दुर्बीण काढता-घालता येईल अशी पट्टी बसवून दिली आणि दोघांना वाटेला लावलं.

त्याच संध्याकाळी नितेश मचाणावर चढला. मोबाइलवर चार व्हिडिओ पाहिले की माणूस शिकारी होतो, अशी हल्ली समजूत आहे. काचेत त्याला तुरीची पानं दिसली, पानांवरची अळी दिसली, डुक्कर काही दिसेना. मग एकदाचं काहीतरी काळं हललं. त्यानं डोळा काचेला अगदी चिकटवला, जणू किल्लीच्या भोकातून बघतोय, आणि घोडा दाबला. गोळी कुठं गेली ते देव जाणे. धक्क्यानं मागे आलेली दुर्बीण मात्र बरोबर त्याच्या भुवईवर बसली आणि तिथं चंद्रकोर उमटली.

नत्थुजींना त्या रात्री इतकी शांत झोप लागली की विचारू नका. सकाळी त्यांनी मुलाच्या कपाळावरच्या पट्टीकडे बघत दुर्बीण काढली आणि कपाशीच्या बोंडांच्या पोत्यात टाकून दिली.

"लोखंडी माशी कोणाच्या कपाळात बसत नाही, बाप्पा," ते म्हणाले. "आता मी दाखवतो."

"चष्मा तरी लावा," माणिकबाई म्हणाली.

"चष्मा लावून नेम धराचा म्हंजे काठी टेकत कुस्ती खेळाची. तू भाकरी कर."

पुढच्या पहाटे ते एकटेच वावरात गेले. थंडी मरणाची होती. हरभऱ्यावर धुकं होतं आणि पूर्वेला नुकतं फटफटलं होतं. नाल्याकडच्या काटेरी कुंपणाला डुकरांनी एक खिंडार पाडलं होतं. डुकरं तिथूनच येणार हे ठरलेलं, म्हणून नत्थुजींनी मचाणावरून रायफल तिकडेच लावली आणि वाट पाहत बसले. मनातल्या मनात त्यांनी सरपंचबाईंना दोन शब्द सुनावले, विपुलला चार सुनावले आणि पारावर मिशीला पीळ देत सांगायची गोष्टही जुळवून ठेवली. गोष्टीत फक्त डुक्कर यायचं बाकी होतं.

आणि आलं. खिंडारातून काहीतरी काळं, जाड, ठेंगणं, डोकं खाली घालून हळूहळू आत शिरलं. नत्थुजींना त्याचे कान दिसले. पाठीवरचे उभे केस दिसले. अहो, सुळेसुद्धा दिसले! माणसाला जे बघायचं असतं, ते दिसायला डोळे लागत नाहीत. त्यांनी खाचेत ती लालभडक माशी धरली, माशीच्या टोकावर ते काळं धूड आणलं, नेम बरोबर मधोमध घेतला आणि घोडा दाबला.

आवाज नाल्यातून घुमून परत आला. त्यापाठोपाठ दुसरा आवाज आला.

"अवो, म्या काय वाईट केलं तुमचं!"

तो आवाज नत्थुजींनी ओळखला नसता तर बरं झालं असतं. रायफल मचाणावर टाकून ते उतरले म्हणण्यापेक्षा पडले, आणि ढेकळांतून धडपडत खिंडाराकडे धावले. माणिकबाई फतकल मारून बसली होती. अंगावर काळी घोंगडी, तोंडावर माती, आणि तिच्या पायांपुढे जमिनीत खोल भोक. गोळी तिच्यापासून हातभर अलीकडे मातीत घुसली होती. तिच्या मुठीत चष्म्याची डबी होती. फाटकावरून यायला वळसा पडतो म्हणून ती नाल्यातून, कुंपणाखालून वाकून आली होती, नवऱ्याला चष्मा द्यायला.

"लागलं का वं? कुठं लागलं? बोल ना!" नत्थुजींचे हात तिच्या डोक्यापासून पायापर्यंत चाचपत होते.

"लागलं असतं तं बोलली असती का?" माणिकबाई म्हणाली आणि मग तिचं रडू फुटलं.

गोळीचा आवाज ऐकून डुक्कर बघायला अर्धं गाव आलं होतं. डुकराच्या जागी माणिकबाईला बघून सगळे गार झाले. नितेशनं मचाणावरून रायफल आणली, बोल्ट उघडून रिकामं काडतूस काढलं आणि नखानं माशी खरवडली. शेंदराचा वाळलेला पोपडा त्याच्या तळहातावर पडला. हरभऱ्याच्या डाळीएवढा असेल. गयासुद्दीननं काय सांगितलं होतं ते त्याला आत्ता आठवलं.

"यानं गोळी खाली गेली," तो म्हणाला. "माशी साफ असती तं..." आणि पुढं त्याला बोलवेना.

पण गर्दीतल्या देवीदास पुजाऱ्याचं तोंड लगेच चाललं. देव तारी त्याला कोण मारी, मारुतीरायाच्या शेंदरानं बाई वाचली, ही बंदूक जागृत आहे, तिला नारळ फोडा, असं त्यानं दणकून सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या. आणि सांगायला लाज वाटते, पण क्षणभर नत्थुजींचीही मान हलली. आपण शेंदूर पुसला नाही ते बरंच केलं, असं त्यांच्या मनात आलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही तो असा.

"नारळ कशाले फोडता?" माणिकबाई डोळे पुसत उभी राहिली. "दिसत नाही म्हून यायनं मले डुक्कर समजलं. दिसत नाही म्हून शेंदूर जाड लावला. यायच्या एका आंधळेपणानं मले माराले घेतलं अन् दुसऱ्यानं वाचवलं. देवाले काहून मधात ओढता? त्याले काय कामं नाहीत?"

नत्थुजी मुलाच्या तळहातावरच्या त्या लाल पोपड्याकडे बघत राहिले. त्यांना नीट दिसत नव्हता, पण तो काय आहे ते आता कळलं होतं. आपला नेम अचूक होता, हीच गोष्ट त्यांच्या उरात बसली. पोपडा नसता तर गोळी जिथं लावली होती तिथंच लागली असती.

"नितेश," ते शेवटी म्हणाले, "आरतीताईले सांग. विपुलले बोलवा."

गर्दी पांगली. पारावर सांगायला आज भरपूर होतं, त्यामुळे कोणी रेंगाळलं नाही. माणिकबाईनं मातीनं भरलेली डबी पदराला पुसली, चष्मा काढला आणि नवऱ्याच्या नाकावर दाबून बसवला. आज त्यांनी मान मागे घेतली नाही.

तोवर ऊन वर आलं होतं. नत्थुजींनी समोर बघितलं. हरभऱ्याचं पान न पान दिसलं, कुंपणाचा काटा न काटा दिसला, आणि मग बायकोचा चेहरा दिसला.

"तुये सारे केस पांढरे झाले वं," ते हळूच म्हणाले. "कधी झाले?"

माणिकबाईनं घोंगडी झटकली आणि खांद्यावर घेतली.

"झाले कधीचेच. डुकराचे पांढरे नसतात, तेवढं ध्यानात ठेवा. चला, भाकरी थंडी होऊन राह्यली."