नेहमीचं पाप

नवऱ्याला मातीआड केल्यानंतरच्या पहिल्याच शनिवारी मी सवयीने चर्चमध्ये पापकबुलीला गेले. रडू येत नव्हतं, भूकही लागत नव्हती. पाय आपले चालत होते. लाकडी जाळीपाशी गुडघे टेकले. पलीकडे फादर खोकले आणि माझ्या तोंडून नेहमीचंच बाहेर पडलं, "फादर, मी नवऱ्यावर ओरडले. ओला टॉवेल गादीवर टाकतात. किती वर्षं सांगतेय, पण ऐकतील तर शपथ!"

फादरही पेंगत असावेत. "घरी जा आणि त्यांच्याशी दोन शब्द गोड बोला," ते दर शनिवारसारखंच म्हणाले.

त्याच माणसाच्या पेटीवर पहिली मूठ माती फादरांनी टाकली होती आणि दुसरी मी. जाळीतून त्यांचा श्वास ऐकू येत होता. काहीतरी बोलतील म्हणून मी थांबले. मागची बाई चुळबुळ करायला लागली, तेव्हा "बरं, फादर" म्हणून उठले.

घरी येऊन गादीवर हात फिरवला. कोरडी ठणठणीत होती. गोड बोला म्हणे.