चूलबंद आवतन

किसनरावांच्या नातीच्या लग्नात पहिली पंगत बसायच्या बेतात होती आणि माझा फोन वाजला. संग्रामपूरहून आलेले मंडळ अधिकारी बोलत होते.

"सरपंचबाई, मी तुमच्या ई-क्लासवरच्या वस्तीत उभा आहे. इथं कोणी राहत नाही."

"काऊन नाही राहत साहेब? एकतीस घरं हायेत."

"घरं आहेत, माणसं नाहीत. चुली गार आहेत, त्यांत राखसुद्धा नाही. मी पंचनामा लिहायला घेतोय."

त्या चुली कुणी विझवल्या हे मला पक्कं ठाऊक होतं. मीच विझवल्या होत्या.

आमच्या गावच्या ई-क्लासवर, म्हणजे सरकारी गायरानावर, अकरा वर्षांपासून सातपुड्यापलीकडचे भिलाला आदिवासी राहतात. वीटभट्टीवर तेच, संत्र्याच्या तोडणीला तेच. काम असलं की गावाला त्यांची नावं तोंडपाठ असतात, काम संपलं की ते 'तिकडचे लोक' होतात. या वर्षी सरकारनं सांगितलं की ग्रामसभेनं ठराव द्यावा, आमचा अधिकारी जागेवर पाहणी करील आणि लोक खरंच राहत असतील तर जागा त्यांच्या नावे होईल. राहत नसतील तर अतिक्रमण काढून टाकू. ठराव मी कसाबसा पास करून घेतला. विरोधात सगळ्यात मोठा आवाज किसनरावांचा होता. त्यांची गुरं त्या गायरानावर चरायची.

आणि मग मला अक्कल सुचली. किसनरावांनी नातीच्या लग्नाचं अख्ख्या गावाला चूलबंद आवतन दिलं. आमच्याकडे चूलबंद म्हणजे त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही, लहानथोर सगळ्यांनी मांडवात जेवायचं. आवतन सांगायला कोतवाल गफ्फारभाई दारोदार फिरत होते. मी त्यांना गाठलं आणि म्हटलं, "वस्तीवरही सांगा." ते घाबरले. "बाई, किसनरावनं तं सांगतलं नाही." मी म्हटलं, "मांडवात आलेल्या माणसाले ते हाकलणार हायेत का? तुम्ही सांगा, पुढचं मी पाहते." हे 'पुढचं मी पाहते' माझ्या तोंडातून फार लवकर निघतं. पाहणी कोणत्या दिवशी होईल ते साहेबांनी कळवलं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं.

आता पुढचं माझ्यासमोर उभं होतं. मांडवाच्या कडेला, लिंबाच्या सावलीत, धुतलेले कपडे घालून एकतीस घरांतली माणसं सकाळपासून उभी होती. त्यांना कुणी बसा म्हणत नव्हतं की जा म्हणत नव्हतं. किसनरावांनी दोनदा तिकडं पाहिलं होतं, आणि दोन्ही वेळा त्यांचा जबडा आवळलेला मला दिसला होता.

मी फोनवर ओरडले, "साहेब, काही लिहू नका! माणसं इथं हायेत, मांडवात. मी गफ्फारभाईला गाडी घेऊन धाडते."

साहेब आले. हातात फाइल, अर्धा पंचनामा लिहिलेला. लिंबाखालची गर्दी त्यांनी नीट पाहिली आणि मान हलवली.

"बाई, लग्नात जेवायला दहा गावचे लोक येतात. हे तिथलेच कशावरून? माझ्या डोळ्यांनी मी रिकामी घरं पाहिली."

"मी सांगते ना!"

"ठराव तुमचा, अर्ज तुमचा. तुमची सही पंच म्हणून चालत नाही. गावातला दुसरा कुणीतरी द्या. ठरावाला ज्यांचा विरोध होता ते किसनराव सही करतील तर वर कुणी शंका काढणार नाही. नाहीतर जे पाहिलं ते लिहून मी निघतो."

एकतीस घरं, आणि सही त्या माणसाची!

किसनराव स्वतःच तिथं आले. डोक्याला फेटा, कपाळावर घाम. साहेबांनी विचारलं, "या लोकांना तुम्ही बोलावलंत का?"

गफ्फारभाईंनी मान खाली घातली. त्या गरीब माणसावर ढकलणं सोपं होतं. मी पुढं झाले.

"मी सांगतलं आवतन द्याले. तुमच्या नावानं. तुमाले न इचारता."

मांडवातले चारपाच जण वळून पाहायला लागले. वाढपी बादल्या घेऊन जागीच थांबले. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. "म्हणजे यजमानांचं बोलावणं नव्हतं."

किसनराव लिंबाखाली गेले. तिथं सगळ्यात पुढं सुमली उभी होती. वस्तीवरची सगळ्यात जुनी बाई तीच. तिच्या पदराला धरून दोन नातवंडं होती.

"तू कायले आली वं?" किसनरावांनी विचारलं.

"कोतवालभाऊ बोलले, आज चूल बंद ठेवजो," सुमली म्हणाली. तिची मराठी अजूनही थोडी तिकडची आहे. "आम्हाले अकरा सालमधी पहिली बार आवतन आलं. म्हणून काल सांजलेच राख काढली, चूल सारवून टाकली. लेकरं सकाळपासून भुकी हायेत दादा, पण चूल नाही पेटवली."

किसनरावांनी त्या पोरांकडं पाहिलं. धाकटं अंगठा चोखत होतं. साहेबांनी घड्याळ पाहिलं.

"माह्या नावानं चूल बंद केली," किसनराव हळूच म्हणाले, "अन् माह्याच दारात लेकरं उपाशी!"

ते वळले तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला होता. मला वाटलं, संपलं.

"लिहा साहेब. पावण्याले आम्ही पत्रिका देतो. चूलबंद फक्त गावातल्या घराले असते. दुसऱ्या गावच्या चुलीवर आमचा काय हक्क? यायनं माह्या आवतनासाठी चूल बंद ठेवली. मंग हे कोठचे झाले? लिहा, एकतीस चुली. आना, कोठं सही करू?"

फाइल वाढप्याच्या पाटावर ठेवून त्यांनी सही केली. पेन इतकं दाबलं की कागद फाटतो की काय असं वाटलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लपवायचंही मला सुचलं नाही.

"किसनराव," मी म्हटलं, "चुकलंच माहं. तुमाले इचाराले पाह्यजे होतं."

"हाव. पाह्यजे होतं."

"इचारलं असतं तं दिलं असतं आवतन?"

त्यांनी माझ्याकडं सरळ पाहिलं. "नसतं देल्लं," ते म्हणाले, आणि वाढप्यांवर ओरडले, "पाहून काय राह्यले बे? बसवा यायले पहिल्या पंगतीत!"

साहेबांनी फाइल मिटली. "संध्याकाळी परत येतो. पेटलेल्या चुलींचे फोटो जोडावे लागतील."

पत्रावळ्या पडल्या, वरण-बट्टी वाढली गेली. सुमली मात्र जेवेना. तिनं खुणेनं मला जवळ बोलावलं.

"बाई, साहेब सांजले फोटो काढनार. पण आवतन तं दिनभरचं हाये ना? चूल पेटवली तं दादाले राग येईल का?"

वांग्याच्या भाजीची बादली घेऊन किसनराव तिच्या मागेच उभे होते. त्यांनी तिच्या पत्रावळीवर भाजी वाढली.

"पेटव," ते म्हणाले. "अन् चहा ठेव. मी येतो."