ग्राइंडरचा पहिला घास

शांताबाईंचं तोंड एकदा सुटलं की आवरणं कठीण. शनिवारी संध्याकाळी ते सुटलं.

कारण कॉफी. त्यांचा एकुलता एक मुलगा निरंजन रायपूरला घरीच राहून जवळच्या नवा रायपूरमध्ये एका सरकारी ऑफिसात कंत्राटावर होता, पण जीव सगळा कॉफीत. साध्या नव्हे, एस्प्रेसोत. म्हणजे घोटभर काळीकुट्ट कॉफी, जी प्यायला दोन मिनिटं लागतात आणि करायला अर्धा दिवस. ती काढायचं यंत्र घरात आधीच होतं. आता दळायचं यंत्र निवडणं चाललं होतं, कारण निरंजनच्या मते सगळं बिघडतं ते दळण्यात. जाड दळली तर पाणी सरसर निघून जातं, फार बारीक दळली तर अडून बसतं. ओळखीच्या डीलरनं दोन ग्राइंडर वापरून बघायला दिले होते. एक विजेवरचा, ऐटबाज. दुसरा हातानं फिरवायचा, पेल्याएवढा, डोक्यावर दांडी असलेला. जो नको असेल तो रविवारी सकाळी परत करायचा होता.

आणि त्याच रविवारी अपर्णा मॅडम येणार होत्या. बंगलोरच्या एका कॉफी कंपनीच्या त्या मालकीण, कुणाच्या तरी लग्नासाठी रायपूरला आलेल्या. विमानतळावर जाता जाता निरंजनच्या हातची एस्प्रेसो पिणार होत्या, आणि आवडली तर नोकरी बंगलोरला.

निरंजननं शेवटी विजेवरचा निवडला. त्याची जाड-बारीक करायची चकती केसभर इकडे, केसभर तिकडे करत कॉफी मनासारखी उतरवली आणि चकतीवर चिकटपट्टी लावून टाकली. "आता याले कोनी हात लावायचा नाई. बाबा, सकाळी हातवाला परत देऊन या."

इथे शांताबाईंचा तोल गेला. "बंगलोरले जाऊन का सोनं खानार हायेस? म्हातारे मायबाप इथं, अन् हा चालला कॉफी पाजाले! हे तुयं यंत्र उद्या बिघडलं ना, तर मी अख्ख्या पाऱ्यात, साऱ्या मोहल्ल्यात साखर वाटीन, पाहून घे!"

दिवाकरराव, रेल्वेतून निवृत्त झालेले त्यांचे यजमान, हसले. निरंजन हसला नाही. न जेवता खोलीत गेला.

सकाळी आंघोळ करून देवापुढे दिवा लावला तोवर शांताबाईंचा राग निवला होता. त्यांचा राग कधी रात्र ओलांडत नसे. दुखायचं ते ज्याला बोलल्या त्याला. आता त्यांना वेगळंच टोचू लागलं. काल ठरलं, म्हणजे ते यंत्र आता घरचं झालं. कालपर्यंत पाहुणं होतं, आज घरचं. आणि घरात दळायचं काही नवं आलं की पहिला घास हळदीच्या तांदळाचा. माहेरी जात्याला देत, सासरी आल्यावर त्यांनी मिक्सरला दिला, घरगुती चक्कीलाही दिला. याच्याच तोंडात कोणी शकुनाचे दाणे घालू नयेत? आणि आज पोराची परीक्षा! बोलल्या होत्या खऱ्या रागानं, पण पोराचं वाईट व्हावं असं कुठल्या आईला वाटतं?

निरंजन आंघोळीला गेलेला. त्यांनी मूठभर तांदूळ घेतले, पाण्याचं बोट लावून हळद चोळली, यंत्राच्या वरच्या भांड्यात ओतले, हात जोडले आणि बटण दाबलं.

यंत्र एकदा कण्हलं आणि थांबलं. त्यांनी पुन्हा दाबलं. नुसतीच घरघर आली, मग जळका वास.

शांताबाईंनी घाईनं यंत्र उलटं करून हलवलं तर वरचे दाणे पडले, पण आत दातांत अडकलेले हलेनात. त्यांनी सांडलेले तांदूळ झटपट कचऱ्यात टाकले, वरचं भांडं पदरानं लख्ख पुसलं आणि यंत्र होतं तसं ठेवलं. लहान पोर दुधाचं पातेलं सांडून करतं तेच त्यांनी साठीत केलं.

बाहेर दिवाकरराव स्कूटरवर हातग्राइंडरचा खोका बांधत होते. "येतो गं," त्यांनी हाक दिली.

थांबवायचं तर आत्ताच. पण थांबवून सांगायचं काय? कालच दोघांसमोर साखर वाटायची भाषा केली होती. आज यंत्र बिघडलं आणि बिघडवणारी मीच. शकुन म्हणून तांदूळ घातले, यावर कोण विश्वास ठेवणार? स्कूटर सुरू झाली.

आणि मग तो विचार आला, गुपचूप. गप्प राहिलं तर? यंत्रं काय, बिघडतातच. मॅडम येतील, चहा पिऊन जातील. निरंजन चार दिवस रुसेल, पण इथंच राहील. रोज संध्याकाळी याच ओट्याशी येईल. कुणाला कधी कळणार नाही.

स्कूटर फाटकाबाहेर पडली. न्हाणीघरात निरंजन गुणगुणत होता. कित्येक महिन्यांत त्याला असं गुणगुणताना त्यांनी ऐकलं नव्हतं.

ते गुणगुणणं त्यांना सोसवेना. त्या अनवाणीच धावत सुटल्या. देवाची कृपा एवढीच, की कोपऱ्यावरच्या शामरावांशी बोलल्याशिवाय दिवाकररावांची स्कूटर कधी पुढे जात नसे. आजही ती तिथंच उभी होती, आणि दिवाकरराव पोराच्या यंत्राची टिमकी वाजवत होते.

"अवो, थांबा! तो खोका परत आना घरी!"

"काहून? काय झालं?"

"आना म्हनते ना!"

घरी आल्या तोवर निरंजन ओट्याशी उभा होता. बटण दाबत होता, सोडत होता, पुन्हा दाबत होता.

"मी तांदूळ टाकले त्यात," शांताबाई दारातूनच म्हणाल्या. "शकुनाचे. नवं यंत्र म्हनून."

निरंजननं भांड्यात डोकावून पाहिलं. ते लख्ख होतं. "कुठं हायेत तांदूळ?"

"पुसून टाकलं वरचं. भेव वाटलं मले."

"पुसून टाकलं." त्यानं आईकडे पाहिलं. "काल बोलली अन् आज करून दाखवलं. वा, आई. आता बाहेर बस तू. इथं येऊ नको."

त्या बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसल्या. रडायचीही चोरी. आतून आवाज येत राहिले. दिवाकररावांना दांडी फिरवायला लावलं होतं. त्यांचा दम लागलेला ऐकू येत होता. "जाड झाली, बाबा. गेली पान्यासारखी." पुन्हा दांडीची करकर. "आता अडली. निघूनच नाई राहिली." डबा खडखडला. "आता दाने एकाच कपापुरते उरले."

तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली.

अपर्णा मॅडम साध्या, कमी बोलणाऱ्या बाई निघाल्या. बसल्या, घड्याळ पाहिलं. निरंजननं कप आणून ठेवला. त्यांनी वास घेतला, एक घोट घेतला आणि खिडकीबाहेर पाहत राहिल्या. शांताबाईंनी मनातल्या मनात सगळे देव गोळा केले. कशासाठी, ते त्यांचं त्यांनाही धड सांगता आलं नसतं.

"ग्राइंडर कौन सा है?"

"हाथ का, मॅम. दूसरा सुबह बिगड गया."

"और सेटिंग?"

"अभी की. दो कप खराब किए, यह तीसरा है."

मॅडमनी कप रिकामा केला. "अगले महीने आ सकोगे?"

गाडी गेली. दिवाकररावांनी पोराला मिठी मारली. शांताबाई खुर्चीतून उठल्या नाहीत. आनंद झाला होता, आणि काळजाचा तुकडा तुटल्यासारखंही झालं होतं. त्याहून जास्त सलत होतं ते हे, की पोरगा जाईल तो आई आडवी आली होती असं मनात धरून. हे बंगलोरला गेल्यावर कशानं पुसणार?

आतून स्क्रू फिरवल्याचा आवाज येत होता. डीलरला तोंड दाखवायच्या आधी निरंजननं बिघडलेलं यंत्र उघडायला घेतलं होतं. मग आवाज थांबला.

तो बाहेर आला आणि आईसमोर खाली बसला. तळहात पुढे केला. त्यावर तांदळाचे चुरलेले दाणे होते. पिवळेजर्द.

"हळद लावली होती तू," तो म्हणाला.

शांताबाईंनी मान डोलावली.

"बिघडवाचं असतं तर कोनी हळद लावते का?" त्यानं दाणे मुठीत मिटले. "आई, मी काय बोललो तुले!"

"मीबी काल बोललीच ना रे," त्या म्हणाल्या आणि मघापासून दाबलेलं रडू एकदम बाहेर आलं. निरंजननं डोकं त्यांच्या मांडीवर टेकलं. लहानपणी टेकायचा तसं.

थोड्या वेळानं त्यानं हातग्राइंडर आणून त्यांच्यापुढे ठेवला. "हा घेऊन जाईन म्हनतो. कुंकू लाव याले. तांदूळ मात्र नको."

त्या रडता रडता हसल्या. कुंकू लावलं. मग पदर खोचून आत गेल्या, साखरेचा डबा काढला, वाटी भरली आणि कोपऱ्यावर निघाल्या. बोललेलं पाळायचं तर होतं.

"काहाची साखर, वहिनी?" शामरावांनी विचारलं.

"निरंजन चालला बंगलोरले," शांताबाई म्हणाल्या, आणि तेवढं वाक्य त्यांनी न रडता पुरं केलं.