राउटरचं मागचं दार

अथाल रस्त्यावरच्या एका सूत कारखान्यात गजानन परुळेकर हा नेटवर्क विभागाचा प्रमुख होता. विभागात दुसरं कोणीच नव्हतं, त्यामुळे त्याचा शब्द कधी खाली पडत नसे.

दसऱ्याला सगळ्यांनी आपापल्या यंत्रांना हार घातले. गजाननने आपल्या राउटरची पूजा सगळ्यांच्या आधी व्हावी म्हणून हट्ट धरला. "मशिनं काय, हातपाय आहेत. हा मेंदू आहे," असं त्याने जमलेल्या कामगारांना ऐकवलं. मग कुंकवाची बोटं ओढून त्याने मूठभर अक्षता अशा काही उधळल्या, की जणू राउटरचं लग्नच लागत होतं. फोटो काढून कारखान्याच्या ग्रुपवर टाकला तोही त्यानेच.

सणाची सुट्टी संपून कारखाना उघडला, त्या सकाळी त्याने राउटरमध्ये सुरक्षेचा एक नवा नियम घातला. बाहेरच्या कोणाला आत येता येऊ नये, हा हेतू. नियम इतका चोख बसला की गोदामातले संगणक बाहेर राहिले आणि खुद्द गजाननही बाहेर राहिला. गोदामात बिलं निघेनात. फाटकापाशी भरलेल्या ट्रकांची रांग लागली.

राउटर म्हणजे सगळ्या संगणकांना एकमेकांची वाट दाखवणारी पेटी. तिच्यात शिरायला दोन दारं असतात. पुढचं दार नेटवर्कमधून जातं. ते गजाननने स्वतःच्याच नाकावर आपटून लावून घेतलं होतं. मागच्या दाराला कन्सोल म्हणतात. ते एक छोटंसं चौकोनी भोक, म्हणजे पोर्ट, असतं. त्यात निळी केबल खोचायची, दुसरं टोक लॅपटॉपला जोडायचं आणि राउटरशी समोरासमोर बोलायचं. रोजच्या कामात या दाराची कोणाला आठवण नसते, म्हणून ते बिचारं सदा रिकामं असतं.

गजाननने केबल खोचली. पडदा काळा. एन्टर दाबलं. काळा. आणखी जोरात दाबलं, जणू राउटर कानाने अधू होता.

"केबल नीट बसली का, सर?" डिस्पॅचच्या ममताने विचारलं. ट्रकवाल्यांच्या शिव्या खाऊन ती वर आली होती. "बसताना टक् असा आवाज येतो ना?"

"ममता, मी हे काम तू शाळेत होतीस तेव्हापासून करतोय."

"म्हणजे येत नाही आवाज."

गजाननने उत्तर म्हणून केबल अंगठ्याने आणखी आत रेटली. मग त्याने लॅपटॉपवर बोलण्याचा वेग बदलला. कन्सोलवर दोन्ही बाजूंचा वेग सारखा लागतो.

"पण वेग चुकला तर पडद्यावर काहीतरी वेडंवाकडं उमटतं ना?" ममता म्हणाली. "मागे एकदा तुम्हीच दाखवलं होतंत. इथे तर काहीच नाही."

"तू तुझे ट्रक सांभाळ."

मग त्याने वेग बदलला, पोर्टचा क्रमांक बदलला, लॅपटॉप बंद करून चालू केला, आणि हे सगळं एकाच दमात केलं. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, म्हणजे कशाने काय झालं ते कळतं. हे चौथीतल्या मुलाला एकदा सांगितलं की कळतं. पण चौथीतलं मूल कुठल्या विभागाचं प्रमुख नसतं.

"कपाटात जुना राउटर आहे, त्याला हीच केबल लावून बघा की," ममता जाता जाता म्हणाली.

"त्याने काय होणार?" असं म्हणून गजानन थांबला. तिची पावलं जिन्यावरून उतरल्याची खात्री करून घेतली आणि मगच कपाट उघडलं. जुन्या राउटरला केबल लावताच टक् झालं आणि पडद्यावर ओळी धावू लागल्या. म्हणजे केबल बरी, लॅपटॉप बरा, वेगही बरा. दोष नव्या राउटरच्या त्या भोकातच. इथवर त्याची अक्कल अगदी सरळ चालत आली होती. पुढची पायरी म्हणजे भोकात डोकावणं. गजाननने खाली पाहिलं. राउटरच्या रॅकपुढची फरशी ओली होती.

"आक्काबाई!" तो ओरडला.

आक्काबाई शिरपूरकडची. ठेकेदाराच्या माणसांत सफाईला होती. ती पोछा घेऊनच दारात आली.

"रॅकपाशी पाणी कोणी सांडलं?"

"सांडलं नाही भाऊ, पुसलं. रोज पुसते."

"पोर्टमध्ये पाणी गेलंय. लाखाची वस्तू घालवलीस!"

"त्या पेटीला मी हात लावत नाही. तुम्हीच तर दाराला कागद चिकटवलाय, हात लावू नका म्हणून."

पण तोवर मॅनेजर प्रसादसाहेब वर आले होते. त्यांना ट्रक सुटायला हवे होते, आणि ते सुटत नसतील तर निदान कोणाचं तरी नाव हवं होतं. गजाननने नाव पुरवलं.

"खात्री आहे?" साहेबांनी विचारलं.

"शंभर टक्के, सर. सगळं तपासून काढलंय. दोष पोर्टातच आहे."

साहेबांनी हात पुढे केला. आक्काबाईने गळ्यातला गेटपास काढून त्यांच्या हातावर ठेवला. पास गेला म्हणजे काम गेलं, आणि खोलीही गेली, कारण खोली ठेकेदाराचीच होती. ती रडली नाही. तिने फक्त पोछा भिंतीला टेकवून ठेवला.

"पाण्याने काय होतं ते बघाच, सर," गजानन म्हणाला. त्याला आता उत्साह आला होता. त्याने मोबाइलची बॅटरी लावून भोकावर धरली. "हे बघा, आत लालच लाल! गंज!"

साहेब वाकले. भोक खरोखर लाल होतं.

"ही पेटी घेऊन किती दिवस झाले? इतक्यात गंज?"

"पाणीच तसं, सर. क्षार फार."

"मी बघू का?" आक्काबाई म्हणाली आणि कोणी हो म्हणायच्या आत वाकली. तिने केसांतली पिन काढली.

"ए, हात लावू नकोस!" गजानन किंचाळला.

"लावू दे," साहेब म्हणाले. "तुझ्या म्हणण्याप्रमाणे आता बिघडायचं काय राहिलंय?"

"वायर काढून ठेवा आधी," आक्काबाई म्हणाली. गजाननने मुकाट्याने राउटरची वीज बंद केली आणि तो जरा पुढे ओढला. तिने हलक्या हाताने पिन फिरवली. गंजाचा एक तुकडा सुटून तिच्या तळव्यावर पडला. मागोमाग दुसरा, तिसरा. ते लांबट होते आणि दोन्ही टोकांना निमुळते. अंगठ्याने रेटल्यामुळे एकाचे दोन झाले होते.

आक्काबाईने तळवा साहेबांपुढे धरला. "साहेब, लादी मी पाण्याने पुसते. तांदळाने नाही."

साहेबांनी खिशातून फोन काढला आणि ग्रुपवरचा दसऱ्याचा फोटो उघडला. फोटो छान आला होता. गजाननची मूठ नुकतीच सुटलेली, अक्षता हवेत, आणि राउटरच्या सगळ्या भोकांत तारा असताना खालचं एकच भोक आ वासून बसलेलं.

"प्रसाद बरोबर तोंडात पडला," जिन्यावरून परत आलेली ममता म्हणाली. मग मॅनेजरचं नाव आठवून तिने जीभ चावली.

राउटर चालू करून केबल खोचली. टक् झालं. एन्टर दाबताच पडद्यावर ओळ आली. गजाननने सकाळचा नियम खोडला, आणि थोड्या वेळाने खालून पहिल्या ट्रकचा हॉर्न ऐकू आला.

"मी म्हटलंच होतं, सर," गजानन घाम पुसत म्हणाला, "दोष पोर्टातच आहे. निदान अचूक निघालं."

साहेबांनी गेटपास आक्काबाईला परत दिला आणि म्हणाले, "आता एवढं झाडून घ्या." राउटर पुढे ओढल्यामुळे रॅकखाली बऱ्याच अक्षता सांडल्या होत्या.

आक्काबाईने पास गळ्यात घातला आणि तो सरळ करून घेतला. "मी नाही झाडणार, साहेब. पूजेच्या अक्षता आहेत. त्यांना झाडू लावायचा नसतो. ज्याने वाहिल्या त्याने हाताने वेचाव्या."

पूजा सगळ्यांत आधी हवी म्हणणारा गजाननच होता. तो गुडघ्यांवर बसला, मग कोपरांवर आला, आणि शेवटी विभागाचा प्रमुख डोक्यासकट रॅकखाली गेला.

आक्काबाईने बादलीत पोछा बुडवला आणि पिळून तयार ठेवला.

"आवरा, भाऊ," ती म्हणाली. "मला लादी पुसायचीय. आणि पोछा ओला आहे, आधीच सांगून ठेवते."