पियाल्याच्या बुडाएवढा रस

सासूबाईंनी पैशांची पुरचुंडी जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानावर ठेवली खरी, पण तिच्यावरचा हात काही काढला नाही.

"एवढंच आहे. यात पार्लर तरी होईल, नाहीतर मशीन तरी. दोन्ही हवं असेल तर मला बाजारात नेऊन विका."

"मशीन," सर्विनोज लगेच म्हणाली.

"तुला कोण विचारतंय? शनिवारी विहिणी तोंड बघणार आहेत, टाके नाही."

सर्विनोज ही करोमत सासूबाईंची धाकटी लेक, हिलोलाची नणंद. शनिवारी तिचं लग्न होतं. मार्गिलानच्या त्या गल्लीत शिवणकामात तिचा हात धरेल अशी दुसरी मुलगी नव्हती. बाजारातल्या एका बाईकडे वापरलेलं पण उत्तम चालणारं, कापडाच्या कडा शिवायचं ओव्हरलॉक मशीन होतं, आणि ती बाई शुक्रवारपर्यंत थांबायला तयार होती. मशीन बरोबर गेलं, तर सर्विनोज सासरी पहिल्या महिन्यापासून स्वतःचे चार पैसे कमावणार होती. नाही गेलं, तर नव्या सुनेला मशीन घेऊन द्यायचं सासरी कुणाला कधी सुचेल, याचा काही नेम नव्हता. तिने त्या मशीनसाठी उरलेल्या तुकड्यांचं गलेफसुद्धा शिवून ठेवलं होतं. हिलोलाने ते गादीखाली पाहिलं होतं.

"ओयी, नवरीचा चेहरा मी करते," हिलोला म्हणाली. सासूला ती आईच्या जागी ओयी म्हणायची. "घरातच. काही विकत न आणता."

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं. पाच महिन्यांपूर्वी कोकंदच्या फ्लॅटमधून आलेली, शाळेत रसायनशास्त्र शिकवणारी, मिठाची चिमूटसुद्धा मोजून टाकणारी मुलगी. भात कधी बिघडला नव्हता तिचा. पण नवरी म्हणजे भात नव्हे.

"कर. पण बुधवारी मला बघायचंय. माझ्या मनास आलं नाही तर गुरुवारी संध्याकाळी पार्लरला आगाऊ पैसे. मग रडारड चालणार नाही."

हिलोलाने त्याच दुपारी आपली आहेराची पेटी उपडी केली. लग्नात मिळालेल्या क्रीम, पावडरी, अत्तरं, लिपस्टिक, सगळं ओळीत मांडलं आणि प्रत्येक डबीच्या तळाची तारीख वाचली. हाताला लावायच्या क्रीमच्या सात ट्यूब निघाल्या, सातही एकाच कंपनीच्या, त्यांतल्या चार लग्नाआधीच मुदत संपलेल्या. सगळ्यांनी सगळ्यांना दिलेलं तेच, इकडून तिकडे फिरणारं.

"ही तर मी तुझ्या मावससासूला दिली होती," सासूबाई एक ट्यूब उचलून म्हणाल्या.

"आता घरी परत आली. पायाच्या टाचांना चालेल."

शेवटी चेहऱ्याची पावडर, सुरमा, गालांची लाली आणि दोन लिपस्टिक एवढं चांगलं निघालं. लिपस्टिकच्या बुडाशी अडकलेला रंग काडीने काढून तिने दोन्ही एकत्र कालवल्या, तेव्हा सर्विनोजच्या वर्णाला साजेसा डाळिंबी रंग तयार झाला. सासूबाईंनी तो बोटावर घेऊन दोनदा पाहिला. पटलं असावं.

राहिल्या भुवया. बाजारच्या डायने सर्विनोजच्या पापण्या सुजायच्या. तिला सोसणारा महागडा रंग फक्त पार्लरमध्ये होता. पेन्सिल सासूबाईंनी ऐकूनच घेतली नाही. "निघताना मुलगी रडणार. पेन्सिलीची भुवई हनुवटीवर येईल."

पण अंगणात भिंतीलगत उस्मा होता. त्याच्या पानांचा रस भुवयांना लावून या गल्लीतल्या बायका पिढ्यानपिढ्या काळ्याभोर भुवया मिरवत आल्या होत्या. हिलोलाने स्वतः कधी लावला नव्हता, कोकंदला तिची आई पार्लरलाच जायची. तरी पानं, पाणी आणि एक कापड, यात अवघड ते काय?

रविवारी आचारी येऊन अंगण पाहून गेला. पुलावाची कढई कुठे मांडायची, तर नेमकी उस्म्याच्या वाफ्यावर. संध्याकाळी माणसं फावडी घेऊन येणार होती. वाफा फुकट जाऊ नये म्हणून हिलोलाने सगळा पाला कापला, धुतला, कुटला, पंच्यातून पिळला आणि हिरवागार रस एका स्वच्छ बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवला. बाटलीवर तारीख लिहिली. एक पान वाया गेलं नाही, याचं तिला फार समाधान वाटलं.

बुधवारी सकाळी तिने तो रस आधी स्वतःच्या भुवयांना लावून पाहिला. तीन थर दिले, उन्हात बसली. दुपारी धुतला. भुवया होत्या तशाच भुऱ्या. पुन्हा लावला. संध्याकाळी सासूबाईंनी तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं.

"काय लावलंस, चहा?"

हिलोलाने बाटली उजेडासमोर धरली. वर पिवळट पाणी, तळाशी निळाकाळा गाळ. तो गाळ पाहिला आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. आठवीच्या मुलांना ती सफरचंद चिरून ठेवायची आणि विचारायची, हे काळं का पडलं? पानात रंग नसतोच. पानात रंगाची सामग्री असते, वेगवेगळ्या कप्प्यांत. पान चुरगळलं की ती एकत्र येते, हवा लागते, मग रंग तयार होतो. तो तयार होताना भुवईवर असायला हवा. एकदा तयार झाला की नुसती माती, कुठेच चिकटत नाही. तिचा रंग बाटलीतच तयार होऊन बसला होता.

तिने हे सगळं सासूबाईंना सांगितलं. सासूबाईंनी शांतपणे ऐकलं.

"म्हणजे वाचवायला गेलीस आणि घालवलंस."

"हो."

"आणि वाफ्यावर चूल."

"हो, ओयी."

सर्विनोज उठली. ती आत गेली, आणि थोड्या वेळाने हिलोलाला दिसलं, की ते गलेफ उसवून ती त्यातली चांगली चिंधी वेगळी काढत होती.

गल्लीत अजून एका घरी उस्मा होता. समोरच्याच, इनोबत ओपांच्या, म्हणजे इनोबतताईंच्या. पण सासूबाई आणि इनोबत ओपा दोन वर्षं बोलत नव्हत्या. कारण साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. ओपांच्या लेकीच्या लग्नात सासूबाईंनी सोनेरी फितीची क्रीमची पेटी दिली होती, चांगली महागातली. तीच पेटी न उघडता सहा घरं हिंडली आणि वर्षाने एका बारशाच्या टोपलीतून सासूबाईंकडेच परत आली. फितीच्या गाठीवरून त्यांनी ओळखली. "माझी भेट हिला भिकेसारखी वाटली असणार," असं त्या चारचौघींत म्हणाल्या, ते ओपांच्या कानी गेलं, आणि त्यांनी दाराची कडी लावली ती लावलीच.

गुरुवारी सकाळी हिलोला दोन गरम नान फडक्यात गुंडाळून समोरच्या दारात उभी राहिली. रिकाम्या हाताने कोण जातं?

इनोबत ओपांनी तिच्या तोंडून सगळं ऐकून घेतलं. बाटलीचा भाग त्यांनी दोनदा सांगायला लावला.

"फ्रिजमध्ये? उस्मा म्हणजे काय खोकल्याचं औषध? आणि तू मुलांना शिकवतेस."

"शिकवते, ओपा. कालपासून जरा कमी विश्वासाने."

ओपा ओठ दाबून हसल्या. मग वाफ्याकडे हात करून म्हणाल्या, "पाला आहे. पण एकीसाठी मी पिळणार नाही. मूठभर पाल्याचा रस पाचजणींना होतो. एकीच्या भुवयांसाठी पिळला तर चौघींचा मातीत. माझ्या आजीनेही असा पिळला नाही. बायका आण. आणि तुझ्या सासूला आण. ती आली तर पाला तोडीन, नाहीतर शेळीला घालीन."

हे घरी सांगणं हिलोलाला सगळ्यात जड गेलं.

"त्या बाईचा उंबरा मी ओलांडणार नाही," सासूबाई म्हणाल्या. "पार्लरला फोन लाव."

हिलोलाने फोन हातात घेतला. लावला नाही. ओट्यावर सर्विनोज पाठमोरी बसून चिंध्यांच्या घड्या घालत होती, रंगाप्रमाणे, एकावर एक, कडेला कड जुळवून. आईकडे तिने एकदाही वळून पाहिलं नाही. सासूबाई त्या घड्यांकडे बघत राहिल्या.

"ते मशीनचं गलेफ ना?"

"होतं."

सासूबाई उठल्या. कपाटाच्या वरच्या फळीवरून त्यांनी सोनेरी फितीची पेटी काढली, पदराने धूळ पुसली आणि चपला घातल्या. "चल. आणि त्या शेजारच्या दोघींनाही हाक मार. म्हणते ना, पाचजणी पाहिजेत."

इनोबत ओपांच्या अंगणात दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. सासूबाईंनी पेटी पुढे केली.

"ही तुझी राहिली होती माझ्याकडे."

ओपांनी ती हातात घेतली, फिरवली. बराच वेळ फितीची गाठ चाचपत राहिल्या. "उघडवली नाही गं मला," त्या हळूच म्हणाल्या. "एवढी छान वस्तू, आपल्या राकट हातांना कशाला? नणंदेच्या मुलीला दिली. तिलाही तसंच वाटलं असणार."

"आता तरी उघड."

फीत सुटली. आत तीन डब्या. क्रीम आक्रसून भेगाळलं होतं, पावसाअभावी रान भेगाळतं तसं. हिलोलाने सवयीने डबी उलटी करून तारीख वाचली. "एक वर्ष झालं मुदत संपून."

"सात घरांनी जपलं," सासूबाई म्हणाल्या.

"आणि एकीच्याही हाताला लागलं नाही." ओपांना हसू फुटलं, मग सासूबाईंनाही. शेजारच्या दोघींना नक्की कशाचं हसू ते कळलं नाही, तरी त्याही हसल्या.

मग कामं भराभर झाली. ओपांनी मूठभर पाला खुडला, धुतला, उन्हात जरासा कोमेजू दिला. पियाला उपडा ठेवला. त्याच्या बुडाला जो उथळ खळगा असतो, तेवढंच त्यांचं माप. पाला दोन्ही तळहातांत चोळून चोळून त्यांनी पिळला, आणि बोटांच्या फटीतून हिरवे थेंब त्या खळग्यात पडले. हिलोलाने काडीला कापूस गुंडाळला.

"आता बडबड नको, हात चालव," ओपा म्हणाल्या. "तुझ्या बाटलीत जे झालं ते इथेही होणार. फरक एवढाच, की त्याआधी आपण लावून मोकळ्या होतो."

पहिली सर्विनोज. हिलोलाने एकेक केस भिजवत भुवई रेखली, नाकाच्या वर दोन्हींच्या मध्ये बारीक दुवा ठेवला, सासूबाईंना तसाच आवडायचा. मग शेजारच्या दोघी. मग ओपा. मग हिलोलाला ओपांनी खाली बसवलं आणि तिच्या भुवया स्वतः रेखल्या. फिरून पुन्हा सर्विनोज, दुसरा थर. पाच जणी भिंतीला टेकून उन्हात तोंडं वर करून बसल्या, हिरव्या भुवयांच्या. चहा आला. नान आला. कपाळ हलवायचं नाही म्हणून सगळ्या ओठांच्या कोपऱ्याने बोलत होत्या, त्यामुळे साध्या गप्पाही चहाडीसारख्या ऐकू येत होत्या.

दुपार होता होता हिरवा रंग करडा झाला, करड्याचा काळा. सर्विनोजने तोंड धुतलं. सासूबाईंनी तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला, डावीकडे, उजवीकडे. अंगठ्याला थुंकी लावून भुवई घासली. अंगठ्याला रंग लागला नाही. मग पापण्यांवरून बोट फिरवलं. सूज नव्हती.

हिलोलाच्या हातातला फोन वाजला. पार्लरवाली होती. आगाऊ पैसे आज येणार ना, नाहीतर शनिवारची वेळ ती दुसऱ्या नवरीला देणार होती.

सासूबाईंनी फोन मागून घेतला. "दे तिला," त्या म्हणाल्या. "आमच्या मुलीच्या भुवया झाल्या. रडली तरी उतरायच्या नाहीत." फोन परत देऊन त्यांनी कमरेची पुरचुंडी काढली आणि सर्विनोजच्या ओंजळीत ठेवली. या वेळी हात लगेच काढून घेतला. "बाजार बंद व्हायच्या आत जा. आणि वजन आहे त्याला, एकटी उचलू नकोस. वहिनीला ने."

सर्विनोज चपला शोधायला धावली. हिलोलाने पियाला धुवायला उचलला, तर खळग्यात थोडा रस उरला होता, कडेने काळा पडत चाललेला.

"टाकू नकोस," सासूबाई म्हणाल्या. मुलगा, हिलोलाचा नवरा, कामासाठी रशियाला गेल्यापासून त्यांनी भुवयांना काही लावलं नव्हतं. त्या जरा अवघडून भिंतीशी टेकून बसल्या. "मला लाव."

हिलोलाने रस तिरका करून पाहिला. खोटं बोलणं तिला जमत नसे. "ओयी, एकाच भुवईपुरता आहे."

"मग एकीलाच लाव," सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. "शनिवारी ती बाजू विहिणीकडे करून बसेन."

इनोबत ओपा उठल्या आणि वाफ्यातून आणखी दोन पानं तोडून घेऊन आल्या. दोनच.